उसातून केलेला फोन

वारजे, पुणे
गुरुवार, २२ जानेवारी २०२६

आदरणीय प्रेमलाताईस,

प्रज्ञेशचा सविनय जयभीम. तुझी तब्येत कशी आहे? साखर ताब्यात आहे ना? आणि ती खरोखर ताब्यात आहे, की तपासणीच्या आधी दोन दिवस उपाशी राहून आणलेली आहे? (तीस वर्षं तू दवाखान्यात नर्स होतीस आणि पेशंटांच्या असल्या युक्त्या तूच पकडायचीस, तेव्हा खरं काय ते कळव.) भावजींचा खोकला आणि सलोनीची परीक्षा या दोन्ही गोष्टी एकदाच्या संपल्या असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे चैताली ठीक आहे. मी बसलेला असताना ठीक असतो.

खिशात फोन असताना हे पत्र कशाला लिहितोय, असं तू अकोल्यात बसून म्हणणार, ते मला इथं ऐकू येतंय. एक तर फोनवर तू दुसऱ्या वाक्याला "चैतालीला दे" म्हणतेस. दुसरं, आमच्या घराच्या भिंती अशा आहेत की मी गॅलरीत कुजबुजलो तरी स्वयंपाकघरातून उत्तर येतं. आणि तिसरं म्हणजे सध्या मी रजेवर आहे आणि दिवसातून तीन वेळा गरम पाण्याच्या बादलीत पाय घालून बसतो. अशा अवस्थेत माणसाला फार लांब जाता येत नाही, त्यामुळे मन लांब लांब जातं. खिडकीबाहेर आज विरळ, पिंजलेल्या कापसासारखे ढग आहेत, अगदी उंचावर. वेधशाळेच्या ऑफिसात असतो तर नोंदवहीत त्यांचं नाव, उंची आणि आठांतला किती हिस्सा आकाश व्यापलंय ते लिहिलं असतं. घरी असल्यामुळे नुसतं बघतो आहे.

आपल्या घरच्या ग्रुपवर रविवारी तू जो फोटो पाहिलास (गळ्यात पदक, बाजूला चैताली, तिची नजर भलतीकडे) आणि ज्याखाली तू टाळ्यांचे सहा हात पाठवलेस, त्या फोटोमागची खरी हकीकत तुला सांगायची आहे. वाचून झाल्यावर त्यातले किती हात परत घ्यायचे ते तू ठरव.

सुरुवात मागच्या वर्षी झाली. तुला आमची सकाळ माहीत आहे. लग्नाला चोवीस वर्षं झाली, आणि या चोवीस वर्षांत सकाळी साडेसहाला गॅलरीत दोन खुर्च्या, दोन कप, ती पेपर मोठ्यानं वाचणार आणि मी आकाश बघत हूं हूं करणार, यात खंड पडला नव्हता. मला वाटायचं हे असंच चालणार. आणि एके दिवशी उठून बघतो तो दुसरी खुर्ची रिकामी. कपाखाली चिठ्ठी: "पळायला गेले आहे. चहा गाळून घ्या." पंचेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात गणित शिकवणारी बाई, जिला मी बस पकडायलासुद्धा कधी पळताना पाहिलं नव्हतं, ती पहाटे साडेचारला उठून आमच्या भागातल्या एका धावणाऱ्या गटाबरोबर पळायला लागली. आज दोन किलोमीटर, उद्या तीन, करता करता पावसाळा संपेपर्यंत पंधरा.

आता बायको पळायला जाते यात वाईट वाटण्यासारखं काय, असं तू म्हणशील. मलाही सांगता येत नव्हतं. सात वाजता ती परत यायची तेव्हा चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले, आणि डोळ्यांत असं काहीतरी, की जणू ती कुठल्यातरी लांबच्या गावाला जाऊन आली आहे आणि सामान अजून उतरवायचंय. मी विचारायचो, कुठवर गेली होतीस? ती म्हणायची, चांदणी चौक. बास. पण चांदणी चौकात जाऊन आलेल्या माणसाचा चेहरा तसा होत नाही गं. मी तिथून रोज जातो. (संशयबिंशय नाही, गैरसमज नको. तू मला वाढवलंस, तुला माहीत आहे, संशय घ्यायला जी एकाग्रता लागते ती माझ्यात नाही.) फक्त एवढंच वाटायचं की ती रोज एका जागी जाते आणि त्या जागेचा पत्ता माझ्याकडे नाही.

म्हणून मी ठरवलं की आपणही पळायचं. तिला न सांगता. जानेवारीत मांजरीला अर्धमॅरेथॉन होती, एकवीस किलोमीटर, तिनं त्यात नाव दिलेलं होतं. मीही गुपचूप दिलं. माझ्या मनातलं चित्र असं होतं: शेवटचा किलोमीटर, कोवळं ऊन, ती पळते आहे, आणि मागून कुणीतरी येऊन तिच्या पावलाला पाऊल जुळवतं. ती वळून बघते. तो मी. यापुढचं चित्र मी दर वेळी थोडं वेगळं रंगवायचो, पण त्या सगळ्यांत माझं पोट आत होतं.

तयारीला पाच महिने हाती होते. त्यांच्या गटाचा प्रमुख केयूर म्हणून आहे, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत असतो, त्याला विश्वासात घेतलं. तो म्हणाला, "काका, सो स्वीट! मॅडमना अजिबात कळणार नाही, प्रॉमिस." मग संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी कालव्याकाठच्या रस्त्यावर पळायला लागलो आणि घरी येऊन बसला गर्दी होती म्हणून घाम आला असं सांगायला लागलो. पहिले पंधरा दिवस नुसते हाल. फिरायला आलेले आजोबा मला मागे टाकून जायचे, आणि वर पुढे जाऊन थांबून, "होतंय का?" असं विचारायचे. एकांनी तर रोज मला बघून हातातली काठी बाकावर ठेवायला सुरुवात केली, मला लागली तर म्हणून.

पण ताई, तिसऱ्या महिन्यात एक गंमत झाली. एका संध्याकाळी साधारण तिसऱ्या किलोमीटरनंतर श्वासाला आपोआप लय सापडली. आपण पळतोय हे विसरायलाच झालं. खाली कुणाचीतरी पावलं वाजतायत, पाण्यावरून गार वारा येतोय, समोर आकाशात पांढऱ्या ढगांच्या बारीक वड्या पाडून ठेवल्यायत, आणि मी कुठंच नाही. ना वारज्यात, ना ऑफिसात, ना पन्नाशीत. असं किती वेळ चाललं कोण जाणे. भानावर आलो तेव्हा मी शिवण्याच्या पुढे होतो, अंधार पडत होता आणि घर सहा किलोमीटर मागे राहिलं होतं. रिक्षानं परत आलो. केयूरला सांगितलं तर तो म्हणाला, "काका, तुमचा स्टॅमिना ओके आहे. फोकसचा इश्यू आहे. रस्ता बघा, स्काय नका बघू." नोकरीत सत्तावीस वर्षं ज्या गोष्टीचा पगार घेतला तीच सोडायची, हे काही मला जमलं नाही. पण मी मान डोलावली.

शर्यतीचा दिवस उजाडला. चैताली पहाटे गटाच्या गाडीतून गेली. (तिला मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की माझी सकाळच्या निरीक्षणाची ड्यूटी आहे. ती म्हणाली, रविवारी? मी म्हणालो, ढगांना रविवार नसतो. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.) ती गेल्यावर वीस मिनिटांनी मी स्कूटर काढली. गारठा असा की हँडलवर बोटं आहेत की नाहीत ते बघून खात्री करावी लागत होती. मांजरीला पोचून फोन डिकीत ठेवला, छातीवर नंबर लावला आणि चैतालीला दिसू नये म्हणून गर्दीच्या अगदी शेवटी जाऊन उभा राहिलो. सव्वासहाला शर्यत सुटली.

ताई, ती सकाळ मी तुला कशी सांगू! नदीवरून धुकं येऊन उसावर पसरलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच ऊस, त्याला चंदेरी तुरे आलेले, आणि त्या तुऱ्यांच्या वर धुक्यातून नव्या इमारतींचे नुसते वरचे मजले दिसत होते, जमिनीशी काही संबंध नसल्यासारखे तरंगणारे. एका तरंगत्या गॅलरीत एक बाई दोरीवर टॉवेल वाळत घालत होती. हजार-बाराशे माणसं पळतायत आणि कुणी बोलत नाही. फक्त पावलं. माझ्या श्वासाला दुसऱ्याच किलोमीटरला लय सापडली. पूर्वेला ढगांचा एकच लांब पट्टा होता, कडा गुलाबी होत चाललेली, आणि मी त्या कडेवर डोळा ठेवून पळत होतो.

नवव्या किलोमीटरला पाणी देत होते. तिथून रस्ता डावीकडे वळत होता. बाणाची पाटी होती, हातात झेंडी घेतलेला माणूस होता, असं मला नंतर केयूरनं फोटोत दाखवलं. मला त्यातलं काही दिसलं नाही. माझ्या पुढे पिवळा टी-शर्ट घातलेला एक माणूस छान, एका लयीत पळत होता आणि मी त्याच्या पाठीला लागलो होतो. पिवळा शर्ट सरळ गेला, मीही गेलो. पिवळा शर्ट उजवीकडे वळला, मीही. मग एका मोठ्या सोसायटीच्या फाटकातून तो आत शिरला, वॉचमननं त्याला सलाम केला, (मलाही केला) आणि लिफ्टपाशी जाऊन तो थांबला. कपाळ पुसत माझ्याकडे वळून म्हणाला, "आपण कुठल्या विंगचे?"

तो शर्यतीत नव्हताच. रोजचा फेरफटका मारून घरी आला होता. मी म्हणालो, मी जरा पाहुणा आहे. तो म्हणाला, मग वहीत सही करा. वहीत सही करून मी बाहेर पडलो.

आता आलेल्या रस्त्यानं परत जावं की नाही? पण मला वाटलं, शर्यतीचा रस्ता त्या बाजूला, मधे फक्त ऊस. उसातून सरळ गेलं की पाच मिनिटांत बाहेर. ताई, तू आयुष्यात कधीही धुक्यातल्या उसात शिरू नकोस. चार पावलांवर मला मागचं फाटक दिसेना. सगळीकडे सारखंच. पानं चेहऱ्याला कापत होती, पायाखाली चिखल, वर बघितलं तर पांढरं. मी सूर्य शोधला. माझं अर्धं आयुष्य आकाशाखाली गेलंय आणि मला पूर्व सापडेना. पंधरा-वीस मिनिटं मी नुसता सऱ्यांमधून फिरत राहिलो आणि शेवटी उजव्या पोटरीत असा गोळा आला की ओरडतच खाली बसलो.

"कोन हाय रं तिकडं?" असा आवाज आला.

उसाला पाणी देणारे एक म्हातारे गृहस्थ होते, गेनबा नावाचे. डोक्याला मफलर, हातात फावडं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, छातीवरच्या नंबराकडे बघितलं, आणि काही न विचारता मला काखेत धरून बांधावर आणलं. तिथं पंपाची पांढरी खोली होती आणि तीन दगडांवर चहाचं भगुलं. त्यांनी मला बसवलं, बूट काढायला लावले आणि पाय पाटाच्या पाण्यात सोडायला सांगितले. मग म्हणाले, "पळत व्हता कशापायी?"

मी म्हणालो, बायकोला गाठायला.

"रुसून गेली व्हय?"

"नाही हो. तीही पळतेय."

"कुनाच्या मागं?"

"कुणाच्याच नाही."

गेनबांनी भगुलं उचललं. चहा ओतला. म्हणाले, "मग बसा की निवांत. जो कुनाच्या मागं न्हाई, त्येला गाठून करायचं काय?"

मी बसलो. आणि ताई, तुला खरं सांगतो, पुढची पंधरा मिनिटं मी शर्यत विसरलो. पाटाचं पाणी बर्फासारखं गार, पायांवरून वाहत होतं आणि बोटांशी थोडं थांबून पुढे जात होतं. धुक्यातून ऊन झिरपायला लागलं होतं. एक बगळा समोरच्या सरीत एक पाय उचलून उभा होता आणि तो टेकवावा की नाही हे त्याचं ठरत नव्हतं. मला कुणी हाक मारत नव्हतं. मला कुणालाही उत्तर द्यायचं नव्हतं. असा रिकामेपणा मला कधी मिळाल्याचं आठवत नाही. आणि मग गेनबा म्हणाले, "घरच्यास्नी कळवा तरी," आणि त्यांनी त्यांचा बटणांचा फोन पुढे केला.

मला एकच नंबर पाठ आहे. पहिल्यांदा रिंग वाजून बंद झाली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिनं उचलला. तिच्या श्वासाचा आवाज, आणि त्यामागे पावलांचा, थप थप, एकसारखा.

"हॅलो, कोण?"

"मी बोलतोय."

"मी कोण?"

"प्रज्ञेश."

थप थप थप. "अहो, मी पळतेय. ऑफिसातून बोलताय का? हा कुणाचा नंबर?"

"ऑफिसातून नाही," मी म्हणालो. "उसातून."

पावलं थांबली. ते मला फोनमध्ये स्पष्ट ऐकू आलं. आजूबाजूची बाकीची पावलं तिच्या जवळून पुढे निघून जात होती आणि तिची तेवढी थांबली होती. मग तिनं फक्त तीन प्रश्न विचारले. लागलंय का? उभं राहता येतंय का? जवळ कोण आहे, त्यांना फोन द्या. गेनबांनी तिला खुणा सांगितल्या. फोन ठेवून मला म्हणाले, "येत्यात." आणि अजून एक कप मांडला.

शर्यतीचा रस्ता वळसा घालून परत येत होता, त्यामुळे ती होती तिथून हे ठिकाण तीनेक किलोमीटरवर होतं. ती पळतच आली. उसातून आधी तिची गुलाबी टोपी दिसली, मग ती. पाटाच्या पाण्यानं तोंड धुतलं, माझी पोटरी दाबून बघितली (मी ओरडलो), गेनबांना नमस्कार केला आणि चहा घेऊन माझ्याशेजारी बांधावर बसली. आधी चहा संपवला.

"किती दिवस चाललंय हे?" तिनं विचारलं.

"पाच महिने."

"म्हणजे बसला गर्दी नसायची."

"नसायची."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता."

"बसला," ती म्हणाली.

मग मी तिला सगळं सांगितलं. रिकाम्या खुर्चीचं, तिच्या डोळ्यांचं, की ती कुठंतरी जाते असं मला वाटतं आणि मला ती जागा बघायची होती. मला वाटलं ती हसेल. हसली नाही. कपातला गाळ पाटात टाकत म्हणाली, "सकाळी उठल्यापासून मी कुणाचं तरी काहीतरी ऐकत असते. कॉलेजात साठ मुलं, घरी आईचा फोन, शेजारच्या काकू, तुम्ही. मला सगळी माणसं आवडतात. पण त्या दीड तासात मला कुणी हाक मारत नाही. मी कुठं जाते ते मलाही माहीत नाही. त्याचंच तर बरं वाटतं."

ताई, मी पाण्यातल्या माझ्या पायांकडे बघत होतो. तिची ती जागा मला सापडली होती. अर्ध्या तासापूर्वीच मी तिथं एकटा बसलो होतो, आणि तिथून मीच तिला हाक मारून तिच्या जागेतून बाहेर काढलं होतं.

मी म्हणालो, आपण रिक्षानं घरी जाऊ. ती उठून बुटांच्या नाड्या आवळायला लागली. म्हणाली, "जिथं रस्ता सोडलात तिथं परत जायचं आणि तिथून पूर्ण करायचं. मी अर्धं सोडत नाही, आणि आज तुम्हालाही सोडू देणार नाही." गेनबांनी आम्हाला बांधाबांधानं रस्त्यापर्यंत सोडलं आणि जाताना माझ्या हातात उसाचं एक कांडं दिलं, "लागंल ताकद," म्हणून. मी ते पुढचे बारा किलोमीटर हातात धरून होतो.

त्या बारा किलोमीटरमध्ये आम्ही थोडं पळलो आणि बरंच चाललो. पाण्याची टेबलं उचलली गेली होती. बाणाच्या पाट्या टेम्पोत भरत होते, तेव्हा पाटी भरायच्या आत वळण गाठायचं अशी आमची निराळीच शर्यत लागली. एका ठिकाणी ती हरलो आणि चैतालीनं त्या माणसाला टेम्पोतली पाटी पुन्हा काढून दाखवायला लावली. शर्यत सुटल्यापासून चार तास वीस मिनिटांनी आम्ही शेवटाला पोचलो. कमान निम्मी सोडवलेली होती, तिचा एकच खांब उभा होता. चैताली थांबली आणि मला म्हणाली, "तुम्ही आधी जा. नाहीतर परत कुठंतरी वळाल." एका बाईंनी खोक्यातून दोन पदकं शोधून काढली आणि आमच्याकडे असं बघितलं, की आम्ही कालच्या शर्यतीतले आहोत की काय.

केयूर मात्र थांबला होता. मला घट्ट मिठी मारली, फोटो काढला (तोच तो), आणि मग चैताली पाणी आणायला गेली तेव्हा हळूच म्हणाला, "काका, मी फोनच्या मॅपवर मॅडमना ट्रॅक करत होतो. पंधरा किलोमीटरला टू-टेनचा पेस होता. वर्षभर त्याचंच ट्रेनिंग चाललं होतं. एकदम डॉट बंद झाला." दोन तास दहा मिनिटं. कपाटाच्या आतल्या बाजूला तिनं एक कागद चिकटवलाय, त्यावर २:१० लिहिलेलं मी वर्षभर बघत होतो. मला वाटायचं कॉलेजातल्या तासाची वेळ आहे.

तिनं ते मला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. सोमवारी सकाळी ती उठून कॉलेजात गेली आणि चार तास उभी राहून शिकवून आली, आदल्या दिवशी एकूण तीस किलोमीटर झाले असताना. मी त्याच सोमवारी तिसऱ्या मजल्यावरून कठडा धरून, उलटा, एकेक पायरी उतरत होतो. खालच्या मजल्यावरच्या विमलाबाईंनी दार उघडून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "काही विसरलं असेल तर सरळसुद्धा वर जाता येतं." उजव्या अंगठ्याचं नख जांभळं झालंय. मांड्यांना हात लावला तर दुसऱ्या कुणाच्यातरी वाटतात. दुपारी झोप लागली की स्वप्नात धुकं येतं, त्यात चंदेरी तुरे हलत असतात, आणि मी पळत नसतो, नुसता उभा असतो, आणि मला फार बरं वाटतं.

आता ठरवलंय की मी पळायचं ते माझ्या कालव्याकाठी, संध्याकाळी, शिवण्याकडे वळायच्या आत. तिची सकाळ तिची. काल ती पहाटे उठली तेव्हा मी जागा होतो, पण डोळे मिटून पडून राहिलो. तिनं अंधारात मोजे शोधले, एक सापडला, दुसऱ्यासाठी बराच वेळ गेला. तो कुठं आहे ते मला माहीत होतं. पण मी हाक मारली नाही.

भावजींना नमस्कार, सलोनीला आशीर्वाद. तुझी काळजी घे.

तुझा धाकटा भाऊ,
प्रज्ञेश

ता. क. पोटरीला तेल लावून चोळावं की बर्फ लावावा? चैताली बर्फ म्हणते, केयूर फोमचा एक लोड आणून त्यावर लोळा म्हणतो, विमलाबाई म्हणतात वय लक्षात घ्यावं. तू म्हणशील ते करीन.

ता. क. २. हे पत्र खरं तर मी यासाठी लिहायला घेतलं आणि तेच राहिलं. फेब्रुवारीत वाघोलीला अशीच अर्धमॅरेथॉन आहे. चैतालीनं त्यात नाव दिलं आहे, पुन्हा दोन-दहासाठी. पण ती रविवारी, आठ तारखेला आहे, आणि त्याच दिवशी तुझ्या नव्या घराचा कार्यक्रम आहे. काल कॅलेंडरवर बघितलं तर तिनं आठ तारखेवर फुली मारली आहे. म्हणजे तुझ्यासाठी ती शर्यत सोडणार, आणि तेही मला न सांगता. माझ्यामुळे एक गेली, ताई, आता दुसरी जाऊ द्यायची नाही. तू मोठी आहेस, तुझा शब्द ती मोडत नाही. तेव्हा कार्यक्रम बरोबर एक आठवडा पुढे ढकल, म्हणजे पंधरा तारखेला घे, आणि कारण भावजींच्या खोकल्याचं सांग. मी लिहिलं हे तिला अजिबात कळू देऊ नकोस.

ता. क. ३. प्रेमलाताई, मी चैताली. पाकिटावर पत्ता लिहायला यांनी मलाच दिलं आणि पाकीट चिकटवायला विसरले. वाघोलीची शर्यत आठला नाही, पंधराला आहे. कार्यक्रम कृपया हलवू नका, हलवलात तरच अडचण होईल. कॅलेंडरवर आहे ती फुली नाही, अधिकचं चिन्ह आहे: तुमच्याकडे एक दिवस जास्त राहायचं म्हणून मी सोमवारची रजा टाकली आहे. पोटरीला बर्फच. मी हे वाचलं ते यांना सांगू नका, बिचारे चार दिवसांत पहिल्यांदा खुशीत आहेत. आम्ही दोघं सात तारखेला निघतो. तिकिटं काढली आहेत. खिडकीची जागा यांना दिली आहे.